‘किंग लिअर’मधला बिननावाचा नोकर: आठ-नऊ ओळींचं पात्र एवढं महत्त्वाचं का?

कुठलंही प्रकरण चौकशीपर्यंत गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘वरून आदेश होता.’ कोठडीतली मारहाण असो, खोट्या कागदावरची सही असो, रातोरात पाडलेली घरं असोत. बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. आदेश खरोखरच वरून आलेला असतो. आपण मात्र अडकतो. खालच्या माणसाने अशा वेळी करायचं तरी काय? त्याला घरदार आहे, नोकरी आहे, साहेबाच्या शब्दाबाहेर जायची सवय नाही.

या पेचाचा विचार करताना मला दर वेळी शेक्सपिअरचं एक पात्र आठवतं. ‘किंग लिअर’च्या तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशात एक नोकर आहे. त्याला नाव नाही, संहितेत नुसतं ‘पहिला नोकर’ लिहिलेलं असतं. जेमतेम आठ-नऊ ओळी बोलतो आणि मरतो. माझ्या लेखी तो त्या नाटकातल्या राजा-सरदारांच्या बरोबरीचा आहे. का, ते नीट सांगतो.

मराठी प्रेक्षकाला लिअर भेटतो तो बहुधा ‘नटसम्राट’मधून. सगळं मुलांच्या हवाली करून दारोदार झालेला बाप, हे त्या दोन नाटकांमधलं नातं. मूळ इंग्रजी नाटकात मात्र ग्लॉस्टर नावाचा आणखी एक बाप आहे. त्याची कथा ‘नटसम्राट’मध्ये नाही, त्यामुळे ज्यांनी तेवढंच पाहिलंय त्यांची या नोकराशी गाठ पडलेली नसते.

आधी गोष्ट थोडक्यात

ब्रिटनचा म्हातारा राजा लिअर राज्य मुलींत वाटून टाकतो. धाकटी कॉर्डेलिया तोंडदेखली स्तुती करायला नकार देते, म्हणून तिला काहीच मिळत नाही. फ्रान्सचा राजा तिला तशीच लग्न करून घेऊन जातो. थोरली गॉनरिल आणि मधली रीगन राज्य हाती पडताच बापाला इतकं टाकून बोलतात की तो भर वादळात रानात निघून जातो.

ग्लॉस्टर हा त्याच राज्यातला म्हातारा सरदार. त्याला दोन मुलगे. एडगर लग्नाचा, एडमंड लग्नाबाहेरचा. एडमंड कारस्थान करून एडगरला घराबाहेर काढतो आणि मग बापावरच उलटतो. ग्लॉस्टर चोरून लिअरला मदत करतोय, हे तो रीगनच्या नवऱ्याला, म्हणजे कॉर्नवॉलच्या ड्यूकला कळवतो. कॉर्नवॉल आणि रीगन त्या वेळी ग्लॉस्टरच्याच वाड्यात पाहुणे म्हणून उतरलेले असतात.

त्या दालनात काय होतं

कॉर्नवॉल ग्लॉस्टरला पकडून आणायला माणसं पाठवतो. तो येईपर्यंत जे बोलतो ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे. खटला चालवल्याशिवाय याला देहदंड देता येणार नाही, हे आपल्याला ठाऊक असल्याचं तो कबूल करतो. पण आपली सत्ता आपल्या रागाची मर्जी राखेल. लोक नावं ठेवतील, अडवू शकणार नाहीत.

ग्लॉस्टरला आणतात. कॉर्नवॉल त्याला खुर्चीला करकचून बांधायला सांगतो. म्हातारा विनवतो, अहो, तुम्ही माझ्या घरचे पाहुणे आहात. उत्तर म्हणून रीगन त्याची पांढरी दाढी उपटते. मग प्रश्नांची सरबत्ती होते: राजाला कुठे पाठवलंस, डोव्हरलाच का? (डोव्हर हे बंदर; बापासाठी कॉर्डेलियाने आणलेलं फ्रान्सचं सैन्य तिथे उतरलेलं असतं.) ग्लॉस्टर शेवटी सगळं बोलून टाकतो. तुझ्या क्रूर नखांनी त्या म्हाताऱ्याचे डोळे ओरबाडलेले मला बघवले नसते, म्हणून पाठवलं. आणि अशा मुलींवर सूड झडप घालील तो मी बघेन.

तू तो कधीच बघणार नाहीस, असं म्हणत कॉर्नवॉल नोकरांना खुर्ची घट्ट धरायला लावतो आणि म्हाताऱ्याचा एक डोळा फोडतो. रीगन म्हणते, दुसराही काढ, नाहीतर एक बाजू दुसरीला हसेल. कॉर्नवॉल ग्लॉस्टरला त्याच्याच शब्दांनी डिवचायला जातो, ‘आता जर तुला सूड दिसला...’

ते वाक्य पुरं होत नाही. मध्येच कुणीतरी म्हणतं, ‘हात आवरा, सरकार.’

हाच तो नोकर. पुढे तो म्हणतो, लहानपणापासून तुमची सेवा करतोय, पण तुम्हाला थांबा म्हणण्याइतकी चांगली सेवा माझ्या हातून आजवर झाली नव्हती. रीगन त्याला कुत्रा म्हणते. तो तिला सुनावतो, तुमच्या हनुवटीला दाढी असती तर या भांडणापायी मी ती धरून हलवली असती. म्हणजे थोड्या वेळापूर्वी तिने म्हाताऱ्याची दाढी उपटली तेव्हा हा बघत होता, आणि ते त्याच्या मनात सलत होतं. कॉर्नवॉल तलवार काढतो, नोकरही काढतो. झटापटीत कॉर्नवॉलला घाव लागतो. तेवढ्यात रीगन दुसऱ्या कुणाची तरी तलवार घेते आणि नोकराच्या पाठीत खुपसते. मरता मरता तो ग्लॉस्टरला सांगतो, सरकार, तुमचा एक डोळा अजून शाबूत आहे, याला काय इजा झाली ती बघून घ्या. ते ऐकून कॉर्नवॉल दुसराही डोळा फोडतो आणि नोकराचं प्रेत उकिरड्यावर फेकायला सांगतो. मग एकदम म्हणतो, रीगन, माझं रक्त फार वाहतंय.

त्या घावाने तो मरतो. लोक अडवू शकणार नाहीत असं म्हटल्याला काही मिनिटंही उलटलेली नसतात, आणि अडवतो तो त्याच्याच घरात वाढलेला माणूस. ग्लॉस्टरने ज्या सुडाची भाषा केली तो ‘आता जर तुला सूड दिसला’ या अर्ध्या वाक्यातच दालनात येऊन उभा राहतो. शेक्सपिअरने ही जुळणी फार बारकाईने केली आहे, आणि ती पेलायला त्याने सगळ्यात खालचा माणूस निवडला.

पण आधी खुर्ची त्यानेही धरली असेल ना?

असेलच. संहितेत बांधणारे वेगळे आणि हा वेगळा, असं काही सांगितलेलं नाही. तो बांधणाऱ्यांतलाच एक असू शकतो, निदान त्यांच्या शेजारी तरी उभा आहे. पहिला डोळा जाईपर्यंत त्याने तोंड उघडलेलं नाही.

काही वाचक इथे त्याच्यावर फुली मारतात. मला उलट त्याचं मोठेपण इथेच दिसतं. आयुष्यभर हो म्हणत आलेला माणूस एका दमात नाही म्हणत नाही. पहिला हुकूम पाळताना त्याला वाटलं असेल की कैद्याला बांधून चौकशी करणार, एवढंच. दाढी उपटली तेव्हा खटकलं असेल, पण सरदार मंडळींचं आपसातलं भांडण म्हणून गप्प बसला असेल. आपल्यापैकी बहुतेक जण इतकंच करतात, आणि एकदा सहभागी झाल्यावर आता मागे कसं फिरायचं म्हणून पुढचंही करत जातात. याने ते ओझं झुगारलं. आपले हात आधीच बरबटलेत, हे त्याने गप्प राहण्याचं निमित्त केलं नाही.

आणि त्याचं बोलणं बघा. धन्याचा पाणउतारा तो करत नाही. ‘तुम्हाला थांबवणं हीच माझी सेवा’ म्हणतो, म्हणजे इमानाच्याच भाषेत नकार देतो. नाटकात त्याच्या जोडीला ओस्वाल्ड नावाचा गॉनरिलचा कारभारी आहे. बाई सांगतील ते करायचं, हे त्याचं इमान. आंधळ्या ग्लॉस्टरला शेतात गाठून बक्षिसापायी मारायलाही तो निघतो. दोघेही आपल्या धन्यासाठी झटतात आणि दोघेही त्यातच मरतात. धन्याचं हित कुणाला कळलं होतं, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

पण उपयोग काय झाला? डोळे तर गेलेच

हा आक्षेप सगळ्यात जोरकस आहे. काही जण तर म्हणतात, त्याच्या शेवटच्या वाक्यानेच कॉर्नवॉलला दुसऱ्या डोळ्याची आठवण झाली. ते खरं नाही. दुसराही काढ असं रीगन नोकर मध्ये पडायच्या आधीच म्हणून गेलेली आहे. तरीही एवढं मान्य करू: ज्या कामासाठी त्याने तलवार उपसली ते काम फसलं. म्हातारा वाचला नाही.

पण पुढचे दोन अंक नीट वाचले तर गोष्टीची दिशा याच ठिकाणी बदलल्याचं दिसतं. रेल्वेचा सांधा बदलतो तेव्हा रूळ जेमतेम वीतभर सरकतो. डब्यात बसलेल्यांना कळतही नाही, पण गाडी दुसऱ्याच गावाला पोचते. तसंच इथे होतं.

कॉर्नवॉल मेल्यामुळे रीगन विधवा होते. विधवा झाल्यामुळे ती एडमंडशी उघड लग्न करू शकते. गॉनरिलचाही डोळा एडमंडवरच. चौथ्या अंकात निरोप्या कॉर्नवॉलच्या मरणाची बातमी आणतो तेव्हा गॉनरिलला पहिली धास्ती हीच वाटते, की बहीण आता मोकळी झाली आणि एडमंड तिच्याजवळ आहे. घाईघाईने ती एडमंडला पत्र लिहिते: माझ्या नवऱ्याचा काटा काढ. पत्र घेऊन ओस्वाल्ड निघतो, वाटेत आंधळ्या ग्लॉस्टरवर धावून जातो, आणि बापाला सांभाळणाऱ्या एडगरच्या हातून मरतो. पत्र एडगरला सापडतं. तो ते गॉनरिलच्या नवऱ्याला, ऑल्बनीला नेऊन देतो. ऑल्बनी एडमंडला द्रोही ठरवतो, द्वंद्वात एडगर एडमंडला मारतो. गॉनरिल रीगनला विष घालते आणि स्वतःला संपवते. ज्यांनी ज्यांनी म्हाताऱ्यांना छळलं, त्या सगळ्यांच्या शेवटाचा माग काढत गेलं की तो या नोकराच्या तलवारीपाशी येऊन थांबतो.

निरोप्या बातमी सांगताना कॉर्नवॉलने लहानाचा मोठा केलेल्या एका नोकराचा मुद्दाम उल्लेख करतो. त्यावर ऑल्बनी उद्गारतो की वर न्याय करणारे आहेत, हे यावरून दिसतं. नाटकाच्या सुरुवातीला हा ऑल्बनी बायकोपुढे नमतं घेणारा गृहस्थ होता, बातमी येण्याच्या जरा आधी कुठे तो तिला सुनवायला लागलेला असतो. त्या बातमीनंतर तो ग्लॉस्टरच्या डोळ्यांचा सूड घेण्याची शपथ घेतो. नकाराची नुसती बातमीसुद्धा माणसाचा कणा आणखी ताठ करते, असं शेक्सपिअर दाखवतो.

कॉर्नवॉलला मारायचं होतं म्हणून आणलेलं पात्र, एवढंच नाही का?

कथानकाची सोय म्हणून आणलेली पात्रं असतात, नाही असं नाही. पण नाटककाराच्या हाताशी काय होतं ते बघू. ग्लॉस्टरची कथा त्याने फिलिप सिडनीच्या ‘आर्केडिया’ या १५९० साली छापलेल्या ग्रंथातून घेतली. तिथेही एका राजाला त्याचा लग्नाबाहेरचा मुलगा आंधळा करतो. तिथेही नोकर आहेत. राजा आपल्या चांगल्या मुलाला रानात नेऊन मारायला सांगतो आणि नोकर त्याला जिवंत सोडून देतात. पण तो नकार आडोशाला, रानात, कुणाला न सांगता दिलेला आहे, आणि राजा तो नंतर आठवून सांगतो.

शेक्सपिअरने नकार दालनात आणला. धन्याच्या तोंडावर, बाकीच्या नोकरांच्या देखत. नुसता कॉर्नवॉल संपवायचा असता तर पुढे फ्रान्सशी लढाई होतीच, त्यात बाण लागून पडला असता. एक ओळही खर्च झाली नसती.

त्या काळी हे दाखवणं किती जड होतं

इंग्लंडात १३५१ च्या कायद्याप्रमाणे नोकराने धन्याला मारणं हा साध्या खुनापेक्षा वरचा गुन्हा होता. तो राजद्रोहाचाच एक प्रकार मानला जाई. नोकर आणि धनी, बायको आणि नवरा, प्रजा आणि राजा ही एकाच उतरंडीची मडकी समजली जात. खालचं हललं की वरचं कोसळणार. हा कायदा पुसला गेला तो थेट १८२८ मध्ये.

‘किंग लिअर’ २६ डिसेंबर १६०६ च्या रात्री राजवाड्यात जेम्स राजासमोर झालं. राजाला संसदेसकट उडवून द्यायचा कट उघडकीला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. अशा दरबारात एक नोकर ड्यूकवर तलवार उचलतो, ड्यूक मरतो, आणि नाटकातला सज्जन ड्यूक, म्हणजे ऑल्बनी, हे ऐकून ‘देव आहे’ म्हणतो. ‘कुणब्याची ही मजल?’ असं ओरडते ती दुष्ट रीगन. प्रेक्षकाने कुणाच्या बाजूला उभं राहायचं, याबद्दल नाटकात तिळमात्र शंका ठेवलेली नाही.

बाकीचे दोघे

इथे छापील प्रतींचा थोडा गुंता आहे. हे नाटक दोन रूपांत आपल्यापर्यंत आलं. १६०८ ची छोटी प्रत, तिला क्वार्टो म्हणतात, कारण कागदाला दोन घड्या घालून चार पानं करत. आणि १६२३ ची मोठी, एकच घडी घातलेली, नाटककाराच्या मरणानंतर निघालेली प्रत, तिला फोलिओ म्हणतात. दोन्हींत शेकडो ओळींचा फरक आहे.

क्वार्टोत कॉर्नवॉल आणि रीगन गेल्यावर दोन नोकर मागे उरतात. एक कॉर्नवॉलबद्दल म्हणतो, या माणसाचं भलं झालं तर मीही वाटेल ते पाप करायला मोकळा. दुसरा रीगनबद्दल तसंच बोलतो. मग ते म्हाताऱ्याला हात धरून नेणारा माणूस शोधायचं ठरवतात, आणि एक जण जवसाचे तंतू आणि अंड्यातला पांढरा बलक आणायला पळतो, रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावायला. घरगुती औषध, जे हाताशी होतं ते. फोलिओत हे संभाषण नाही. पीटर ब्रूक या दिग्दर्शकाने १९६२ च्या आपल्या गाजलेल्या प्रयोगात ते गाळलं आणि सामान आवरणारे नोकर आंधळ्या ग्लॉस्टरला धक्के देत जाताना दाखवले. प्रयोगाचा दबदबा मोठा असला, तरी मला ही काटछाट पटत नाही. पहिल्याच्या नकाराने दुसऱ्यांना काय झालं, हे त्यात पुसलं जातं.

कारण तसं खरोखर होतं. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅमने १९६१ पासून काही प्रयोग केले. पलीकडच्या माणसाला विजेचे वाढते झटके देत जा, असं सामान्य माणसांना सांगितलं जाई. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. पहिल्या गाजलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. नंतर एका प्रयोगात त्यांच्या शेजारी आणखी दोन माणसं बसवली, आतून शिकवलेली, आणि त्यांनी मध्येच उठून नकार दिला. तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. हुकूम देणारा तोच, यंत्र तेच. शेजारचा एक जण नाही म्हणाला की नाही म्हणता येतं, हे बाकीच्यांना कळतं. शेक्सपिअरच्या त्या दोन नोकरांना ते साडेतीनशे वर्षं आधी कळलं होतं.

आणि तो दुसरा बिननावाचा

या नोकराचं मोल पुरतं कळायला पाचव्या अंकातला एक कप्तान बघावा लागतो. तोही बिननावाचा. लढाईत लिअर आणि कॉर्डेलिया कैद झालेत. एडमंड कप्तानाच्या हातात चिठ्ठी देऊन म्हणतो, या कामात प्रश्न विचारायचे नाहीत. करतो म्हण, नाहीतर दुसरा धंदा बघ. कप्तानाचं उत्तर क्वार्टोत आहे: मला गाडी ओढता येत नाही, वाळका चारा खाता येत नाही, माणसाने करण्यासारखं काम असेल तर करीन.

चिठ्ठीत कॉर्डेलियाला फाशी द्यायचा हुकूम आहे. तो ते काम करतो.

दोन बिननावाची माणसं, दोघांपुढे वरून आलेला हुकूम, दोघांपुढे हतबल कैदी. एडमंडला मरताना पश्चात्ताप होतो, तो हुकूम मागे घ्यायला माणूस धाडतो, पण उशीर झालेला असतो, कारण मधल्या एका माणसाने रेंगाळायचंसुद्धा नाकारलं. त्याने नुसती चालढकल केली असती तरी कॉर्डेलिया वाचली असती. एवढ्यासाठी मी या नोकराला मोठा म्हणतो. लिअरचं राज्य बुडतं ते राजाच्या चुकीने, पण म्हाताऱ्याचे डोळे आणि मुलीचा गळा यांपर्यंत पोचायला दर वेळी कुणाचे तरी हात लागतात, आणि त्या हातांना आपलं मन असतं.

हौशी मंडळींना एक विनंती

आपल्याकडे कॉलेजातून, नाट्यस्पर्धांतून ‘लिअर’ किंवा त्याचे वेचे करताना माणसं कमी पडतात आणि कात्री पहिली या प्रवेशाला लागते. कॉर्नवॉल विंगेतच मरतो, नोकर गळतो. तसं करू नका. ही भूमिका नवख्याला भाला धरून उभं करण्यासारखी नाही, चांगल्या नटाला द्या. त्याला प्रवेशाच्या सुरुवातीपासून रंगमंचावर ठेवा. दोरी बांधताना त्याचे हात दिसू देत, दाढी उपटली जाते तेव्हा त्याची मान वळू दे. तालमीत सगळ्यात जास्त वेळ ‘आता जर तुला सूड दिसला’ आणि ‘हात आवरा, सरकार’ यांच्यामधल्या क्षणाला द्या; तिथे अर्धा श्वास जास्त झाला तरी कॉर्नवॉलचं वाक्य आपोआप संपल्यासारखं वाटतं आणि नोकराने ते तोडलं हे प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. आणि क्वार्टोतले ते दोघे शक्य असेल तर ठेवाच. त्यांना मिनिटभरही लागत नाही.